नेव्हिल झ्वारचं घरगुती टेबल

घरगुती प्लाझ्मा टेबल ही एकट्यानं निवडायची वस्तू नव्हे, हे तत्त्व येल्टारा गावात सर्वमान्य आहे. माणूस बायको एकट्यानं निवडू शकतो, मत एकट्यानं देऊ शकतो, आणि मृत्युपत्र तर त्याला एकट्यानंच करावं लागतं. टेबलाचं तसं नाही. टेबलाच्या निवडीत शेजार, चर्च, अग्निशमन दल आणि महिलांचा नेटबॉल संघ यांना कायदेशीर नसलं तरी नैतिक स्थान आहे, आणि यांपैकी कुणी आपली जबाबदारी टाळल्याची नोंद आजवर नाही.

ज्यांनी हे टेबल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी (असे लोक येल्टाऱ्यात नाहीत, पण जगात असू शकतात) थोडक्यात सांगायचं तर ती एक लोखंडी चौकट असते. चौकटीवर पट्ट्या, पट्ट्यांवर पत्रा, आणि पत्र्यावरून संगणकाच्या हुकमानं फिरणारी एक टॉर्च. टॉर्चमधून वीज आणि हवा मिळून अशी काही धग निघते की करंजीची कड कातण्यानं कापावी तसं लोखंड कापलं जातं. संगणकात जे चित्र काढाल ते पत्र्यात मिळतं, असं विक्रेते सांगतात. ते खरंही आहे. चित्र कुणाचं, एवढंच ते सांगत नाहीत.

नेव्हिल झ्वारला हे टेबल हवं होतं एका शेपटासाठी. नेव्हिल जन्मभर गव्हाच्या कोठारावर नोकरी करून निवृत्त झालेला, उंच, सावकाश बोलणारा आणि कुणी काही मागितलं की आधी स्वतःचे खिसे चाचपणारा गृहस्थ. त्याच्या घरामागं त्याच्या वडिलांनी उभी केलेली पवनचक्की होती. ती बोअरचं पाणी उपसून मेंढ्यांच्या हौदात आणि त्याच्या बायकोच्या, ग्लेनिसच्या, जर्दाळूच्या झाडांना घालायची. जुलैतल्या वादळानं चक्कीचं शेपूट उडवून नेलं. शेपटाशिवाय चक्कीला वारा कुठून येतोय ते कळत नाही. ती एकाच बाजूला तोंड करून उभी राहते आणि वारा मागून निघून जातो. शेपूट पुढं शेजारच्या कोल हाबरमनच्या मोहरीत सापडलं, पण ते आता शेपूट म्हणण्याच्या पलीकडं गेलं होतं.

ग्लेनिसनं महिनाभर वाट पाहिली आणि मग एका सकाळी चहा ओतता ओतता निर्णय सांगितला.

"नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी सोलर पंपवाला येतोय. तोवर चक्की फिरली तर उत्तम. नाही फिरली तर तो पंप बसवेल आणि जाताना चक्की उतरवून घेऊन जाईल."

"उतरवून?"

"भंगारात घालतो म्हणालाय. उतरवायचे काही घेणार नाही."

"ती बाबांची आहे, ग्लेनिस."

"जर्दाळू माझे आहेत. बाबांना तहान लागत नाही आता."

नेव्हिलनं कप तसाच ठेवला आणि खिडकीतून चक्कीकडं पाहिलं. लहानपणी तो वडिलांच्या मागोमाग तेलाचा डबा घेऊन त्या शिडीवर चढायचा. वडील गेले त्या उन्हाळ्यात चक्की सारखी कुरकुरत होती, आणि त्या आवाजावर त्यानं दिवस काढले होते. ती उतरवली तर आपलं घर ओकंबोकं होईल, आणि आपणही, असं त्याला वाटत होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण येल्टाऱ्यात असं सांगण्याची पद्धत नाही. तिथं माणूस अशा वेळी एखादं यंत्र घेतो.

(असं शेपूट खडूनं आखून ग्राइंडरनं अर्ध्या तासात कापता येतं, ही गोष्ट खरी आहे. परंतु अर्ध्या तासात होतं त्याला गावात काम म्हणत नाहीत, उरकणं म्हणतात. शिवाय वडिलांनी शेपटावर रंगवलेलं आडनाव उन्हानं खाल्लं होतं, आणि नेव्हिलला ते या वेळी पत्र्यात आरपार कापून हवं होतं.)

शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर, एका हातात खिमा भरलेला मीट पाय आणि दुसऱ्या हातात सॉसची पुडी धरून तो कोलला म्हणाला, "प्लाझ्मा टेबल घ्यावं असा विचार करतोय." विचार हा शब्द त्यानं जपून वापरला होता. रविवारी चर्च सुटलं आणि त्याच्या शेडसमोर चार पिकअप येऊन उभ्या राहिल्या.

सल्ला देण्याची रीत ठरलेली आहे. सल्लागारानं पिकअपच्या मागच्या फळीला टेकावं, हात छातीशी बांधावेत आणि शेडमधल्या रिकाम्या जमिनीकडं पाहत नाकानं एक दीर्घ श्वास घ्यावा. मग म्हणावं, "म्हणजे तुझं तू बघ, पण." त्या 'पण'नंतर जे येतं ते गावाचं मत.

"तुझं तू बघ, पण बारीक टेबल घेऊ नकोस, नेव्ह," कोल म्हणाला. "चार फुटी म्हणजे खेळणं. पत्रा येतो आठ फुटी. पत्रा कापून टेबलावर ठेवायचा आणि मग टेबलावर कापायचा, हे काय लेका? अख्खा पत्रा मावला पाहिजे."

अग्निशमन दलाची प्रमुख मॅक्सीन पोल. ही बाई बोलताना समोरच्याच्या खांद्यावर एक हात ठेवते, आणि तो हात काढेपर्यंत कुणी हलत नाही. ती म्हणाली, "खाली पाण्याचा ट्रे असलेलंच घे. ठिणग्या पाण्यात पडतात, धूळही पाण्यात बसते. उन्हाळ्यात तुझ्या शेडमधून ठिणगी उडाली तर बंब घेऊन मलाच यायचंय, आणि मी शिव्या देत येईन."

पास्टर लोए यांनी आभाळाकडं पाहिलं. "पत्रा कधी सपाट नसतो, नेव्हिल. माणसासारखाच. टॉर्चची उंची आपोआप खालीवर करणारी सोय आहे ना, ती घ्या. तिच्यावाचून कापणं म्हणजे निव्वळ श्रद्धा."

नेटबॉल संघाची रेलीन शेवटी बोलली. "हवा कोरडी पाहिजे. कॉम्प्रेसर मोठा घे आणि हवेतलं पाणी काढणारा फिल्टर लाव. ओलसर हवेनं टॉर्चचं तोंड जातं. आमच्या मेहुण्याचं गेलं."

एक गोष्ट इथं न्यायबुद्धीनं नमूद केली पाहिजे. यातला प्रत्येक सल्ला तंत्रदृष्ट्या अचूक होता. आठ फुटी टेबल, पाण्याचा ट्रे, उंची सांभाळणारी सोय, कोरडी हवा, यांपैकी एकही गोष्ट कुणी जाणकार नाकारणार नाही. कोलला मेंढ्यांच्या वाड्याला आठ फुटी फाटकं हवी होती, मॅक्सीनला, बंबाला घर चटकन सापडावं म्हणून, गावातल्या प्रत्येक घरासाठी अग्निशमन क्रमांकाच्या पाट्या हव्या होत्या, पास्टर लोए यांच्याकडं जुन्या टाकीचा वाकडातिकडा जाड पत्रा पडून होता आणि त्यातून वेदीमागं लावायचा क्रूस व्हावा अशी त्यांची प्रार्थना होती, आणि रेलीनला गुणफलकासाठी आकडे पाहिजे होते, शून्यापासून नऊपर्यंत, प्रत्येकी चार. पण हे सगळं पुढं उघड झालं. त्या रविवारी नेव्हिलला एवढंच दिसलं की अख्खं गाव आपल्या मागं उभं आहे. तो भारावला. गाव खरोखरच त्याच्या मागं उभं होतं, एकामागं एक.

टेबल तयार घ्यावं, सुटे भाग मागवून जोडावं, की मुळापासून स्वतः बांधावं, या प्रश्नावर जगात तीन पंथ आहेत आणि ते एकमेकांकडं पाणी पीत नाहीत. नेव्हिल तयार टेबलाच्या बाजूला झुकत होता, कारण त्याला नोव्हेंबर गाठायचा होता. परंतु गावानं त्याला बांधण्याच्या मार्गावर आणलं, आणि तेही मायेनं. कोलनं चौकटीसाठी चौकोनी पाइप आणून टाकला. रेलीननं मेहुण्याचा कॉम्प्रेसर आणला. पास्टरांनी चर्चच्या कचेरीतला संगणक दिला (तो सुरू करताना अजूनही ईस्टरच्या भजनांची यादी दाखवतो). मॅक्सीननं पाण्याचा ट्रे वेल्डिंग करून दिला, आणि पहिल्याच चाचणीत टॉर्च पेटताच संगणकाला झटके येऊन चौकोनाऐवजी झिंगलेल्या माणसाची वाट कापली गेली, तेव्हा शेडबाहेर अर्थिंगचा रॉड घणानं ठोकून जमिनीत गाडला तोही तिनंच. सप्टेंबर सरता सरता टेबल उभं राहिलं. त्यात नेव्हिलच्या पदरचं म्हणाल तर जागा, वीज आणि सकाळ-संध्याकाळचा चहा.

ग्लेनिस शेडच्या दारात येऊन टेबलाकडं बराच वेळ पाहत राहिली.

"यात आपलं काय आहे?" तिनं विचारलं.

"आपलंच आहे सगळं."

"बरं," ग्लेनिस म्हणाली, आणि चहाचे कप गोळा करून गेली.

दुसऱ्या दिवशी नेव्हिलनं शेपटासाठी आणलेला कोरा करकरीत पत्रा टेबलावर चढवला. संगणकात शेपटाचं चित्र तयार होतं, आडनाव मधोमध. त्यानं चष्मा लावला, हातमोजे घातले, आणि बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात कोल आत आला. त्याच्या बगलेत बिअरचा खोका होता.

"काय कापतोयस?"

"शेपूट."

कोलनं हात छातीशी बांधले. "तुझं तू बघ, पण पहिल्याच झटक्याला वडिलांचं शेपूट? आधी हात बसू दे की. माझं फाटक आहे, साधं, सरळ रेघा. बिघडलं तर माझं बिघडेल. मग तुझं घे, निवांत."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. नेव्हिलनं कोरा पत्रा उतरवून भिंतीला टेकवला आणि कोलचं फाटक कापलं. हात बसला. मग दुसरं फाटक कापलं, कारण वाड्याला एका फाटकानं काय होतं.

येल्टाऱ्यात कामाचे पैसे विचारत नाहीत, आणि देणं हा तर अपमानच. काम करून घेणारा जाताना बिअरचा एक खोका ठेवून जातो. मोठं काम, एक खोका. बारीक काम, एक खोका. ही व्यवस्था शतकभर निर्वेध चालली आहे, कारण ती घेणाऱ्याच्या प्रकृतीचा विचार करत नाही. नेव्हिलला डॉक्टरांनी आठवड्याला दोन ग्लास ठरवून दिले होते. ऑक्टोबरच्या मध्यावर, ठरवून दिलेल्या गतीनं प्यायचं म्हटलं तर, त्याच्या शेडमध्ये त्याच्या शंभराव्या वाढदिवसापर्यंतची तजवीज झाली होती. खोके आधी भिंतीलगत होते, मग खिडकीसमोर आले, आणि नंतर शेपटाच्या कोऱ्या पत्र्याच्या पुढं रचले गेले, त्यामुळं पत्रा काढायचा तर आधी खोके हलवावे लागत.

'पाच मिनिटांचं काम' या संज्ञेचा अर्थ याच काळात निश्चित झाला. ज्या कामाचं चित्र मीट पायच्या कागदी पिशवीवर काढलेलं आहे, मापं 'साधारण एवढं' अशी दोन्ही हातांनी दाखवलेली आहेत आणि ज्याला अख्खी सकाळ लागते, ते पाच मिनिटांचं काम. ऑक्टोबरच्या शेवटी गावात कृषिप्रदर्शन भरतं, आणि प्रदर्शनापूर्वी आपलं फाटक शेजाऱ्याच्या फाटकापेक्षा उजवं दिसावं ही भावना सार्वत्रिक असते. त्यामुळं पत्र्याचे कांगारू झाले, एमू झाले, मेंढ्या हाकणारी कुत्री झाली, गव्हाच्या लोंब्या झाल्या, ट्रॅक्टर झाले (ट्रॅक्टरचा रंग कोणता, यावरून दोन भावांचं फाटलं, वास्तविक पत्रा बिनरंगाचा होता). एका अंदाजानुसार गावात आता खऱ्यापेक्षा पत्र्याचे एमू जास्त आहेत. हा अंदाज खऱ्या एमूंना मान्य असावा, कारण त्यांनी येणं सोडलं आहे. काकाकुवे मात्र पत्र्याच्या काकाकुव्यांच्या डोक्यावर येऊन बसतात आणि हगतात.

लोक आता ग्लेनिसला फोन करून विचारत, "टेबल घरी आहे का?" ती म्हणे, "टेबल शेडमध्ये आहे. नेव्हिलही तिथंच कुठंतरी असेल."

नेव्हिलला कळत होतं. दर सकाळी शेडकडं जाताना तो मान वर करून चक्कीकडं बघायचा. पाती पूर्वेला तोंड करून उभी, आणि वारा पश्चिमेचा. त्याला लाज वाटायची. आज पहिलं आपलं शेपूट, असं तो ठरवायचा, आणि शेडच्या दाराशी कुणीतरी पिशवी हातात घेऊन उभं असायचं.

त्यानं उपाय केले नाहीत असं नाही. एक दिवस त्यानं शेडचं दार आतून लावून घेतलं. लोकांनी समजून घेतलं, तो दमला असेल, म्हणून दाराखालून चित्रं सरकवली आणि खोके बाहेर ठेवले. दुसऱ्या दिवशी तो नकार द्यायचा निश्चय करून बसला. पास्टर लोए आले. त्यांच्या बगलेत खोका होता (लूथरपंथाला बिअर वर्ज्य नाही, हे पंथाचं भाग्य). त्यांनी क्रूसाचं चित्र उलगडलं.

"पास्टर," नेव्हिल म्हणाला, "माझं स्वतःचं एक काम राहिलंय."

"सगळ्यांचंच राहिलेलं असतं, नेव्हिल," पास्टर खोल आवाजात म्हणाले, आणि पत्रा धरून उभे राहिले.

क्रूस छान झाला.

मग नेव्हिल आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला. त्यानं गावात सांगितलं, टेबल बिघडलंय. दोन-तीन दिवस कुणी फिरकणार नाही, तेवढ्यात गुपचूप शेपूट कापून घ्यावं, असा बेत होता. बेतात एकच चूक होती. येल्टाऱ्यात यंत्र बिघडल्याची बातमी आणि कुणाच्या घरी बाळ झाल्याची बातमी यांत लोक पहिलीला आधी धावतात. तासाभरात शेडमध्ये हत्यारांच्या पेट्या घेऊन माणसं जमली. कुणी मोटारी उतरवल्या, कुणी टॉर्च उघडली, कुणी टेबलाच्या पायांखाली पाणसळ लावून पाहिली आणि जमीन फुगल्याचा निष्कर्ष काढला (तिथली माती पावसात फुगते, उन्हात बसते, आणि टेबलही तिच्याबरोबर). न बिघडलेलं टेबल त्यांनी दिवसभर खपून दुरुस्त केलं. रेलीननं सर्वांसाठी सॉसेज भाजले. संध्याकाळी चाचणी घ्यायची ठरली.

"कोरा पत्रा आहे का रे कुठं?" मॅक्सीननं विचारलं.

"खोक्यांमागं आहे बघ एक," कोल म्हणाला.

नेव्हिल सॉसेज खात बाहेर उभा होता. तो आत आला तेव्हा चाचणी यशस्वी झाली होती. शेपटाच्या पत्र्यातून अग्निशमन क्रमांकाच्या दोन ओळी पाट्या निघाल्या होत्या, आणि कडेला उरलेल्या जागेत कुणीतरी, पत्रा वाया जाऊ नये म्हणून, एक कांगारू बसवला होता.

"लोण्यासारखं कापतंय," मॅक्सीन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "आता काही काळजी नाही तुला."

नेव्हिल त्या भोकाभोकांच्या पत्र्याकडं पाहत राहिला. पंपवाल्याचा सोमवार बारा दिवसांवर आला होता. त्याला ओरडावंसं वाटलं, पण ज्यांच्यावर ओरडायचं ते दिवसभर त्याच्यासाठी राबले होते आणि त्यांच्या हातांना त्याच्या टेबलाचं ग्रीस लागलं होतं. त्यानं सगळ्यांचे आभार मानले. सगळे गेले, एक कोल तेवढा राहिला. तो टेबलाभोवती फेरी मारून चौकटीवरून हात फिरवत होता, कारण पाइप त्याचा होता.

"बरं झालंय," कोल म्हणाला. "पण जागा अपुरी पडते तुला, नेव्ह. माझ्या लोकर कातरायच्या शेडमध्ये बघ, वर्षाचे दहा महिने नुसती मोकळी हवा."

नेव्हिलनं मान वर केली. तो सावकाश चालत बाहेर गेला आणि कोलच्या पिकअपच्या मागच्या फळीला टेकला. त्याचे हात आपोआप छातीशी बांधले गेले. समोर, कुंपणापलीकडं, कोलची शेड होती. नेव्हिलनं तिच्याकडं पाहत नाकानं एक दीर्घ श्वास घेतला.

"म्हणजे तुझं तू बघ, कोल, पण तुझ्याकडं थ्री फेज वीज आहे."

"आहे की."

"मला सिंगल फेजवर भागवावं लागतं. जाड पत्रा आला की दम लागतो टेबलाला. तुझ्यासारखी वीज असती ना, तर मी दहा फुटी घेतलं असतं."

"दहा फुटी," कोल म्हणाला.

"आणि बांधत बसलो नसतो. तुझी लोकर आत्ताच विकली गेलीय. तयार टेबल मागवायचं, ट्रकमधून उतरवायचं, आणि आठवड्याभरात सुरू."

कोलनं कुंपणापलीकडं आपल्या शेडकडं पाहिलं. मग म्हणाला, "वर्षानुवर्षं मनात आहे, नेव्ह, शेडवर एक मोठा मेंढा लावायचा. आमच्या जुन्या वाणाचा, शिंगांसकट. पण तुझ्याकडं आणायचा संकोच वाटायचा. तुझी गर्दी बघतोय ना."

"स्वतःचं टेबल असलं की संकोच नाही," नेव्हिल म्हणाला. त्याला आपला आवाज ओळखू येईना. तो वडीलधारा, प्रेमळ आणि पूर्णपणे प्रामाणिक वाटत होता.

बातमी गावात पसरली तेव्हा रविवारी कोलच्या शेडसमोर सात पिकअप होत्या. दहा फुटी टेबलाला एकमुखानं पाठिंबा मिळाला. ज्यांना नेव्हिलच्या टेबलावर मावेल एवढीच कामं सुचली होती त्यांना आता त्यावरची सुचली. नेव्हिल सर्वांत आधी पोचला होता. ट्रक आला तेव्हा टेबल उतरवायला तो होता, अर्थिंगचा रॉड घण मारून ठोकायला तो होता, आणि पाण्याचा ट्रे भरायला बादल्याही त्यानंच ओतल्या. शुक्रवारी संध्याकाळी टेबल तयार झालं; नेव्हिलच्या शेडसमोरची रांग मात्र अजून हटली नव्हती. सोमवारी सोलर पंपवाला येणार होता.

शनिवारी सकाळी कोलनं पत्रा चढवला, संगणकात मेंढ्याचं चित्र उघडलं आणि बटणाकडं हात नेला. नेव्हिल दारात उभा होता. त्याच्या मागं पिकअपमध्ये नवा पत्रा होता आणि बगलेत बिअरचा खोका.

"काय कापतोयस?" नेव्हिलनं विचारलं.

"मेंढा."

"तुझं तू बघ," नेव्हिल म्हणाला, "पण पहिल्याच झटक्याला मेंढा? शिंगं आहेत त्याला, कोल. गोल गोल. आधी हात बसू दे. माझं एक शेपूट आहे, साधं, सरळ रेघा."

कोलनं विचार केला. खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

शेपूट खरोखर पाच मिनिटांत कापून झालं. पत्र्यातून अक्षरांचे तुकडे पाण्यात पडले तेव्हा चुर्र आवाज झाला, आणि आडनावातून पलीकडचा प्रकाश दिसू लागला. नेव्हिलच्या डोळ्यांत पाणी आलं. टॉर्चकडं उघड्या डोळ्यांनी बघू नये, असं तो म्हणाला, आणि कोलनं ते मान्य केलं. दुपारी दोघं चक्कीवर चढले आणि त्यांनी शेपूट बसवलं. शेवटचा बोल्ट आवळण्याआधीच वाऱ्यानं ते हातातून ओढलं, चक्कीनं हळूच मान फिरवली, पश्चिमेला तोंड केलं, आणि पाती कुरकुरत सुरू झाली.

ग्लेनिस अंगणात येऊन उभी राहिली. नळीतून आधी गंज आला, मग चिखल, मग पाणी.

"तेल घाल तिला," ती वर बघून म्हणाली. आवाज मात्र तिचा नेहमीसारखा राहिला नव्हता. तिनं घरात जाऊन सोलरवाल्याला फोन केला, पण त्याचा सोमवारचा फेरा ठरलेला होता, तो निदान बघून तरी जातो म्हणाला.

सोमवारी तो आला, चक्की बघितली, चहा घेतला, खोबऱ्यात घोळवलेला लॅमिंग्टन केक खाल्ला. "हे शेपूट कुठं कापलंत?" त्यानं विचारलं, आणि खिशातून मीट पायची एक घडी केलेली पिशवी काढली. नेव्हिलनं कुंपणापलीकडं बोट दाखवलं. कोलच्या शेडसमोर तोवर बऱ्यापैकी रांग लागली होती. मेंढा अजून संगणकातच आहे. नेव्हिलचं टेबल आता दिवसभर निवांत असतं, कारण दहा फुटी जवळ असताना आठ फुटीकडं कोण जाणार. त्यावर ग्लेनिस जर्दाळू वाळत घालते.

कोलच्या रांगेत आम्हीही आहोत, पण आमचा नंबर येता येता पुढचं प्रदर्शन उलटून जाईल अशी चिन्हं आहेत. म्हणून वाचकहो, तुमच्याशी हे जरा सविस्तर बोललो. अख्खा पत्रा मावेल असं टेबल, खाली पाण्याचा ट्रे, टॉर्चची उंची सांभाळणारी सोय, कोरडी हवा, शेडबाहेर अर्थिंगचा रॉड, आणि जमलं तर थ्री फेज वीज. इतकी पक्की माहिती कुणी कुणाला उगीच देत नाही. तुम्ही इथपर्यंत वाचत आलात, अधूनमधून मान डोलावलीत, तेव्हाच आम्ही ओळखलं की माणूस समजदार आहे. म्हणजे तुमचं तुम्ही बघा, पण तुमच्या इमारतीखाली गाडी लावायची ती जागा साधारण किती फूट लांब आहे?